पहिल्या धारेचा खरवस

आमच्या गल्लीत कुणाची गाय व्याली हे ताटलीवरून कळतं. स्टीलची ताटली, वर पळसाचं पान झाकलेलं आणि पानाखाली खरवसाच्या दोन वड्या. ताटली रिकामी परत करायची नाही असा रिवाज आहे. कुणी मूठभर साखर ठेवतं, कुणी तुरीची डाळ.

गोदाबाई ताटली देऊन लगेच जात नसत. दारातच उभ्या राहायच्या. मी एक तुकडा तोंडात टाकेपर्यंत माझ्याकडे टक लावून पाहायच्या आणि मग विचारायच्या, "बाई, खरं सांगा. हा चांगला का तिकडचा?"

तिकडचा म्हणजे त्यांच्या धाकट्या जावेचा, रुख्मिणीचा. दोघींची घरं आमच्या समोरच, एकाच अंगणाचे दोन भाग करून झालेली. वलगावच्या शाळेत माझी सगळी नोकरी झाली, निवृत्त होऊनही मी इथेच राहिले, त्यामुळे या दोन घरांचं एकत्र असणं आणि वेगळं होणं, दोन्ही मी ओसरीत बसून पाहिलं आहे. वाटणी झाली तेव्हा गुरांच्या कोठ्यातही मधोमध भिंत आली. भिंत पुरुषभर उंच, वर मोकळी. इकडच्या गायीने श्वास सोडला तर तिकडच्या गायीला लागावा अशी.

गोदाबाई उंच, किरकोळ अंगाच्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, बोलणं फटकळ, हात मात्र कायम दुसऱ्याच्या कामात. गल्लीतलं पोर तापलं की पहिला काढा त्यांचा. माझे यजमान गेले तेव्हा आमच्या घरची चूल त्यांनीच सांभाळली होती, आणि त्याची आठवण त्यांनी मला एकदाही करून दिलेली नाही. असं मोठ्या मनाचं माणूस फक्त एका ठिकाणी लहान होत असे. रुख्मिणीचं नाव निघालं की त्यांचा उजवा हात पदराच्या टोकाशी जायचा आणि ते टोक पिळत राहायचा.

रुख्मिणी बाळापूरची. ठेंगणी, गोरटी, हसरी. तिच्या हाताला चव होती हे गोदाबाईंनाही नाकारता येत नव्हतं, म्हणून त्या ते वेगळ्या रीतीने सांगायच्या, "तिले कामच काय दुसरं? बसली रांधत." रुख्मिणीची रांगोळी, रुख्मिणीच्या शेवया, रुख्मिणीच्या गायीची चकाकणारी पाठ, सगळ्याला त्यांच्याकडे असं एकेक उत्तर तयार असे. खरवसाला मात्र नव्हतं.

त्याचं मूळ फार जुनं होतं. सासूबाई असताना, घर एकत्र असताना, रुख्मिणीने लग्नानंतर पहिल्यांदा खरवस केला. सासूबाईंनी एक वडी तोंडात ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "असा मऊ तं मी बी कधी नाही केला." एवढंच. त्या पुढच्याच वर्षी गेल्या. त्यांचं शेवटचं दुखणं सगळं गोदाबाईंनी काढलं. कूस बदलून देणं, पेज भरवणं, कपडे धुणं. त्या सगळ्या दिवसांत सासूबाईंनी त्यांच्याबद्दल एक चांगला शब्द काढला नाही. हक्काच्या माणसाचं कौतुक करायची त्या पिढीला सवयच नव्हती. एकदा मटार सोलताना गोदाबाई मला म्हणाल्या होत्या, "मी त्यायचा मळ काढला बाई, अन् नाव राह्यलं तिच्या खरवसाचं." त्या दिवशी त्या हसत होत्या, पण शेंगा सोलताना दाणे भांड्याबाहेर पडत होते.

तेव्हापासून गोदाबाईंचा प्रयत्न चालू होता. त्यांचा हिशोब सरळ होता. खरवस चिकाचा होतो. चीक जितका पहिला आणि जितका घट्ट, तितका खरवस चांगला. म्हणून गाय व्याली की पहिल्या धारेचा सगळा चीक त्या भांड्यात घेत, दूध कमीत कमी घालत, गूळ-जायफळ घालून वाफवत. वड्या पिवळ्याधमक निघत, पण दाताखाली रबरासारख्या करकरत. मग पुढच्या वेळी त्या दूध आणखी कमी करत.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात किसनरावांनी, म्हणजे गोदाबाईंच्या यजमानांनी, परतवाड्याच्या बाजारातून एक गाभण गाय आणली. तांबूस रंगाची, म्हणून तांबू. वाटेत गाडीचा टायर फुटल्याने बिचारी उन्हात तासन्‌तास उभी राहिली होती, पण पुढे चांगली रुळली. तिकडे रुख्मिणीची ढवळी दिवाळीच्या सुमारास व्याली. गल्लीभर ताटल्या फिरल्या, ताटल्यांत साखर परत आली, आणि गोदाबाईंनी ओसरीवरून कुणाच्या ताटलीत किती साखर गेली ते डोळ्यांनी मोजलं.

"आता माह्या तांबूचा पाहा," त्या मला म्हणाल्या. "यंदा दुधाचा थेंब नाही घालत. निव्वळ चीक. सगळ्या गल्लीले."

तांबू थंडीत एका पहाटे व्याली. मी दूध घ्यायला गेले तेव्हा किसनराव पोत्याने वासराला पुसत होते. कालवड होती, कपाळावर पांढरा ठिपका. चारही पाय चार दिशांना टाकत उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली आणि आईच्या कासेकडे निघाली. गोदाबाईंनी तिला मानेला धरून मागे ओढलं आणि खुंट्याला बांधलं.

"जार पडू द्या आधी," त्या म्हणाल्या. "जार पडल्याबिगर वासराले तोंड लावू द्याचं नाही. आमच्या सासूबाईचा नेम."

गायीचा जार, म्हणजे वार, पडल्याशिवाय वासराला पाजायचं नाही, हा नेम इकडे पुष्कळ घरांत आहे. एरवी जार तासा-दोन तासांत पडतो आणि काही बिघडत नाही. तांबूचा जार अडकला. ऊन अंगणात आलं, ओसरीवर आलं, कालवड हंबरून हंबरून बसली, तरी जार लोंबतच होता.

भिंतीपलीकडून रुख्मिणीचा आवाज आला. "जाऊबाई, वासराले लावा ना थोडं. सकाळपासून वरडून राह्यलं बिचारं."

"तुमच्या बाळापुरात लावत असतील," इकडून उत्तर गेलं. "आमच्या इथं रीत हाये."



जार दुपार कलल्यावर पडला, तोही तुटक. मग गोदाबाई भांडं घेऊन बसल्या. चीक हळदीसारखा पिवळा आणि मधासारखा दाट होता. भांडं भरलं, दुसरं घेतलं. कालवडीच्या वाट्याला शेवटच्या चार धारा आल्या. तोवर तिच्यात चोखायचीही ताकद उरली नव्हती.

संध्याकाळी ताटल्या निघाल्या. माझ्याकडे आली तेव्हा गोदाबाई नेहमीसारख्या दारात उभ्या राहिल्या. मी वडी तोडायला गेले, ती तुटेना. मी काय बोलावं याचा विचार करत होते, तेवढ्यात शेजारच्या घरातून लहान मुलीचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "आई, हा चावतच नाही. रुख्मीकाकूचा कसा तोंडात विरते!"

गोदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही आणि उरलेल्या ताटल्या घेऊन घरी गेल्या. त्या रात्री त्यांनी जेवण केलं नाही, असं किसनराव दुसऱ्या दिवशी मला म्हणाले.

आठवडाभरात कालवड मलूल झाली. अंग तापलेलं, डोळ्यांतून पाणी, नाकातून शेंबडासारखं गळणं आणि नाकाची आतली कातडी लालभडक. दूध तोंडाशी धरलं तरी मान फिरवायची. तांबूही कुटाराच्या वैरणीला तोंड लावेना. तिच्याही नाकावर खपल्या धरल्या होत्या आणि तुटक पडलेल्या जारामुळे तिला ताप होता.

गोदाबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही. मग त्या कोठ्यात उभ्या राहून भिंतीकडे तोंड करून बोलल्या, आणि ते मी रस्त्यापलीकडून ऐकलं, म्हणजे भिंतीपलीकडे नक्कीच गेलं.

"नजर हाये ही, नजर! लोकाच्या दारी कालवड आली तं तिच्यावर डोळा ठेवतेत. अन् मागल्या पावसात कोनाची गाय खोकत होती? तिकडूनच आलं हे, भितीवरून!"

किसनराव दबक्या आवाजात म्हणाले, "अवं, हळू."

"हळू कायले? खरं हाये थे हाये."

पलीकडून बादली ठेवल्याचा आवाज तेवढा आला, जरा जोरात.

किसनरावांनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर देवश्री गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात येऊन तीन-चार वर्षं झाली होती. मुलगी अमरावतीची, वकिलाच्या घरातली. स्कूटरवरून येते, गमबूट घालूनच उतरते. तिने कालवडीचा ताप पाहिला, डोळे, नाक, पोट पाहिलं. मग तिथेच उकिडवी बसून विचारलं, "काकू, हिला चीक कधी पाजला?"

गोदाबाई तांबूच्या पाठीवरची माशी हाकलू लागल्या.

"जार पडल्यावर," किसनराव म्हणाले.

"म्हणजे कधी?"

"दुपारून."

"किती?"

चुलीपाशी चिकाचं भांडं पालथं घातलेलं होतं. देवश्रीने एकदा तिकडे पाहिलं आणि आवाज चढवला नाही, त्याबद्दल मला तिचं फार कौतुक वाटलं.

ती म्हणाली, "काकू, आपल्या बाळाला आईच्या पोटातच आईच्या रक्तातून थोडं संरक्षण मिळतं. गायीच्या वासराला तसं काहीच मिळत नाही. ते कोरं जन्मतं. त्याला जे मिळायचं ते चिकातून, आणि तेही पहिल्याच दिवसात. चिकात प्रतिपिंडं असतात. वासराच्या आतड्याची दारं त्यांच्यासाठी तेवढाच वेळ उघडी असतात, मग बंद होतात. आता घागरभर चीक पाजला तरी तो नुसता दुधासारखा पचेल."

"मंग याले आजार कोनता झाला?" गोदाबाईंनी विचारलं.

"मला वाटतं तो हर्पीसच्या घराण्यातला विषाणू आहे. माणसाला कांजण्या आणि नागीण ज्या घराण्यातल्या विषाणूने होते ना, त्याच घराण्यातला, पण हा गुरांचा. माणसाला लागत नाही. मी नमुने अकोल्याला पाठवते. पण तोवर थांबता येणार नाही."

"मंग द्या सुई."

"सुई देते. पण ती मागून येणाऱ्या जंतूंसाठी. या विषाणूवर माझ्याकडे औषध नाही. त्याला वासराच्या अंगातूनच अडवावं लागतं. आणि तिथेच गाडी अडली आहे." ती गोदाबाईंकडे वळली. "काकू, तुम्ही बाजारात गुरं पाहिली आहेत ना? विकलं गेलेलं ढोर कसं ओळखतात?"

"पाठीवर रंगाचा पट्टा मारतेत."

"आणि मग?"

"मंग ज्याचा माणूस असते थो पट्टा पाहून घेऊन जाते."

"बस. प्रतिपिंडं म्हणजे रंग मारणारे. विषाणू अंगात मोकळा फिरत असला तर ते त्याला चिकटतात, कुठे घुसू देत नाहीत. पण हा विषाणू लबाड आहे. तो एकदा एका पेशीत शिरला की रस्त्यावर येतच नाही. तिथून शेजारच्या पेशीत भिंतीतूनच जातो. रस्त्यावर रंगवाला उभा असून काय उपयोग?"

"मंग?"

"पण ज्या घरात तो शिरतो त्या घराच्या बाहेरच्या अंगाला त्याची खूण उमटते. रंगवाला त्या घरावरच पट्टा मारतो. मग पांढऱ्या पेशी येतात. त्यांना पट्टा दिसला की त्या ते घरच पाडून टाकतात, आत विषाणूची पैदास व्हायच्या आधी. पुढची घरं वाचतात."

गोदाबाईंनी यावर विचार केला. त्यांचा प्रश्न नेहमी नेमका असतो. "मंग रंगवालाच काऊन नाही पाडत घर?"

"त्याच्यात तेवढा जोर नाही."

"अन् हे दुसरे, पांढरे? त्याईले डोळे नाहीत का?"

"आहेत, पण या नव्या आजारासाठी अजून तयार नाहीत. तयार व्हायला त्यांना दिवस लागतात. पट्टा असला तर आजच कामाला लागतील. तुमच्या कालवडीत घर पाडणारे आहेत, काकू. लहान आहेत, पण आहेत. रंगवाले नाहीत. ते चिकातून यायचे होते."

गोदाबाईंचा हात पदराच्या टोकाशी गेला होता. "रंगवाले कुठून आणायचे आता?" त्या खालच्या आवाजात म्हणाल्या.

"मोठ्या गायीच्या रक्तातून. जिला हा आजार होऊन गेला आहे आणि जी आता ठणठणीत आहे, अशी. रक्त थेट शिरेत चढवायचं. जगेल अशी खात्री मी देत नाही. न चढवता जगेल असं मात्र मला वाटत नाही."

"तांबूचं घ्या."

"तिलाच ताप आहे. तिचं घेतलं तर दोघी जातील."

"मंग पाटलाची..."

"काकू," देवश्री म्हणाली, "मागच्या पावसाळ्यात ढवळीला मी स्वतः तपासलं आहे. नाक लाल, ताप, हेच सगळं होतं. बरी झाली. इतर आजारांच्या तिच्या तपासण्याही झालेल्या आहेत. मला गावात दुसरी अशी गाय माहीत नाही, आणि शोधायला वेळ नाही."

किसनराव लगेच उठले. "मी जातो गोवर्धनकडे." गोवर्धन म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, रुख्मिणीचा नवरा.

"तुमी नका जाऊ," गोदाबाई म्हणाल्या. "तुमी मोठे दीर. तुमाले थे नाही म्हणू शकनार नाही. अन् मंग आयुष्यभर भितीआडून आयकावं लागीन, की दबावानं घेतलं." त्यांनी पदर खांद्यावरून घेतला. "बाई, तुमी चला माह्यासंगं. नुस्त्या उभ्या राहा."

मी गेले आणि नुसती उभी राहिले.

रुख्मिणी भाकरी थापत होती. हात पिठाने माखलेले. गोदाबाई उंबऱ्याच्या अलीकडेच थांबल्या आणि चुलीकडे पाहत म्हणाल्या, "डॉक्टरीण म्हणते, तुह्या गायीचं रक्त पाह्यजे."

रुख्मिणीने भाकरी तव्यावर टाकली. "डॉक्टरीणले पाह्यजे का तुमाले पाह्यजे?"

गोवर्धन बाजेवरून म्हणाला, "गाय दुधावर हाये, वयनी. रक्त काढलं तं..."

"तुमी थांबा हो," रुख्मिणी त्याला म्हणाली आणि पुन्हा जावेकडे वळली. "सांगा ना जाऊबाई. कोनाले पाह्यजे?"

मी इतकी वर्षं गोदाबाईंना पाहत होते. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी शाळेत पुष्कळदा पाहिलं होतं: उत्तर येत असतं, पण शेजारच्या बाकावरच्या मुलीने आधीच हात वर केलेला असतो.

"मले," त्या म्हणाल्या.

"मंग नजर लागली म्हणाल्या थे?"

तव्यावरची भाकरी करपू लागली. रुख्मिणीने ती उलटली नाही.

"म्हणली."

"वापस घ्या."

"घेतलं."

"असं नाही. नीट."

"घेतलं ना वं माय! काय आता पाय धरू का तुहे?" गोदाबाईंचा आवाज फुटला. "थे पोरगी मरून राह्यली तिकडं, अन् तू हिशोब करत बसली!"

रुख्मिणीने भाकरी काढली, हात पुसले आणि उठली. माझ्या बाजूने जाताना ती म्हणाली, जावेला नव्हे, मला, "यायलेच वाटते का बाई हेवा? सासूबाई गेल्या तवा शेवटचं पानी यायच्या हातचं पेल्या. मी बी होती ना बाजूले, वाटी घेऊन. मले नाही मांगितलं."

गोदाबाईंनी ते ऐकलं. त्यांच्या तोंडाचा आ झाला तो कोठ्यात जाईपर्यंत मिटला नाही.

ढवळीला रुख्मिणीने स्वतः धरलं. देवश्रीने मानेच्या शिरेतून रक्त घेतलं; गाय हलली नाही. "आपली तांबू असती तं एव्हाना लाथ बसली असती," किसनराव कौतुकाने म्हणाले आणि गोदाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते कुटार आणायला निघून गेले. एवढ्या संकटातही हा हेवा सुटला नव्हता.

रक्ताची पिशवी टांगायला जागा हवी होती. दोन कोठ्यांमधल्या भिंतीवर दोर अडकवायचा एक जुना खिळा होता, तो कामी आला. देवश्रीने आधी थोडंसं रक्त सोडलं आणि थांबली, कालवडीला हुडहुडी भरली का, श्वास वाढला का ते पाहत. काही झालं नाही. मग नळी हळूहळू चालू केली. गोदाबाई मांडीवर कालवडीचं डोकं घेऊन बसल्या. भिंतीवरून रुख्मिणीचं डोकं दिसत होतं. ती पालथ्या टोपलीवर चढून पाहत होती.

"या रक्तातल्या पांढऱ्या पेशी हिच्यात फार दिवस राहणार नाहीत," देवश्री म्हणाली. "रंग तेवढा ढवळीचा. घरं पाडायची ती हिच्याच पेशींनी. आता दोन्ही मिळून काय करतात ते पाहायचं."

लगेच काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशीही ताप होता. गोदाबाई कोठ्यातच बसून होत्या. देवश्री सकाळ-संध्याकाळ येत होती, सलाईन लावत होती, तांबूच्या पोटातली उरलेली घाण काढत होती. मग एका सकाळी मी दूध घ्यायला गेले तर गोदाबाई हाताच्या दोन बोटांवर दूध लावून कालवडीच्या तोंडात धरत होत्या. कालवड ती बोटं चोखत होती. गोदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या हाताने गप्प राहायची खूण केली, जणू बोललं तर ती सोडून देईल.

नमुन्यांचा निकाल अकोल्याहून आला तेव्हा कालवड उड्या मारू लागली होती. देवश्रीने तो अंगणातच सांगितला. विषाणू तांबूच्या नाकात सापडला होता. शिवाय दोन्ही गायींच्या रक्तात जुनी प्रतिपिंडं होती. आजार ढवळीने तांबूला दिला की तांबूने ढवळीला, हे कुणी छातीठोक सांगू शकणार नव्हतं. पण वासराला तो आईकडूनच आला असावा.

"पन तांबू तं चांगली होती, व्यायच्या आधी," किसनराव म्हणाले.

"हा आजार बरा होतो, जात नाही. नसांच्या मुळाशी दडून बसतो. जनावराला ताण आला, गाडीचा प्रवास झाला, गाय व्याली, की पुन्हा डोकं वर काढतो. अंगात पहारा चांगला असला तर तो फार पसरत नाही, एवढंच."

गोदाबाईंनी विचारलं, "म्हंजे आत राह्यतेच थो? जन्मभर?"

"राहतो, काकू."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "मंग तांबूच्या चिकातच होते का थे रंगवाले? जो मी..."

"होते," देवश्री म्हणाली. तिने ते झाकलं नाही, आणि पुढे काही जोडलंही नाही. गोदाबाई आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

कालवडीचं नाव त्यांनी रंगी ठेवलं. रुख्मिणीने भिंतीवरून चांदणी सुचवलं होतं, कपाळावरच्या ठिपक्यावरून. नाव जास्त शोभणारं होतं, म्हणूनच ते राहून गेलं. गल्लीने मात्र तिला तिसरंच नाव दिलं. "ढवळीची," असं सगळे म्हणायचे. "ढवळीच्या रक्ताची ना थे?" गोदाबाई प्रत्येकाला थांबवून समजावून सांगायच्या, "अवो, रंग तेवढा ढवळीचा होता. घरं माह्या रंगीनंच पाडले. डॉक्टरीणले इचारा!" लोक समजल्यासारखी मान हलवायचे आणि पुढच्या वळणावर पुन्हा ढवळीची म्हणायचे.

यंदा तांबू पुन्हा व्याली. सकाळी मी गेले तेव्हा गोदाबाई कोठ्याच्या दारात काठी घेऊन बसल्या होत्या. आत नवं वासरू, यावेळी गोऱ्हा, आईच्या कासेला लागलं होतं. जार अजून पडलेला नव्हता.

"काठी कशाला?" मी विचारलं.

"कोनी रीत सांगायले आलं तं."

पहिल्या दिवशी त्यांनी भांडं धरलंच नाही. गल्लीतल्या बायका ताटल्यांची वाट पाहत राहिल्या, एकीने तर येऊन विचारलंही. तिला गोदाबाई म्हणाल्या, "थो पेऊन राह्यला ना आता. त्याचं झालं का तुमचं." वासराचं पोट भरून उरलेला दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा चीक तेवढा त्यांनी घेतला. तो पातळ होता, फिकट होता, आणि त्याचं काही धड होईल याची त्यांना आशा नव्हती. वाफवून झाकण काढलं तर वडी सुरीने कापताना थरथरली.

त्यांनी मला हाक मारली. "बाई, चला माह्यासंगं. नुस्त्या उभ्या राहा."

रुख्मिणी ओसरीत तांदूळ निवडत होती. गोदाबाईंनी ताटली पुढे केली आणि उभ्या राहिल्या. रुख्मिणीने एक तुकडा तोंडात टाकला. तो तोंडात ठेवून ती क्षणभर थांबली. तिने दुसरा तुकडा घेतला, मग तिसरा. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू कमी होत गेलं.

"तुमी कधीपासून दुसऱ्या दिवसाचा चीक घ्यायले लागल्या?" ती म्हणाली.

"काऊन? तू कोनत्या दिवसाचा घेते?"

"पयला वासराचा. आमच्या माहेरी तसंच हाये. मी नेहमी उरलेल्याचाच करतो."

गोदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांचा गूळ, इतक्या वर्षांचं जायफळ, पहिल्या धारेची ती सगळी भांडी त्या एका नजरेत होती. पण जावेला त्यांनी फक्त विचारलं, "कसा झाला थे सांग."

रुख्मिणीने ताटली खाली ठेवली, तांदळाचं सूप पुढे ओढलं आणि त्यातला एक खडा शोधत म्हणाली, "चांगला हाये. जायफळ जरा जास्त झालं."

गोदाबाई ओसरी उतरल्या. अंगण ओलांडून आम्ही रस्त्यावर आलो तेव्हा त्यांनी माझा दंड घट्ट धरला. त्यांचा चेहरा उजळला होता.

"पाह्यलं ना बाई?" त्या कुजबुजल्या. "जळली!"